चालू टॉर्च मध्येच बंद पडते? दोष असा शोधा

शेतीपंपाची थ्री फेज लाइट रात्रीची असली की त्या आठवड्यात टॉर्चशिवाय दारं धरता येत नाहीत, म्हणजे पिकाला पाणी देता येत नाही. वाफा भरत आला का ते बघायचं, उंदराच्या बिळातून पाणी शेजारच्या रानात चाललंय का ते बघायचं, आणि मुख्य म्हणजे पाय कुठे पडतोय ते बघायचं. मण्यार रात्रीच फिरते. त्यामुळे मध्येच जाणारी टॉर्च ‘तळहातावर आपटली की लागते’ म्हणून चालवून घेणं मला पटत नाही. रात्रीच्या ट्रेकला जाणाऱ्यांनाही हेच लागू.

घरच्या आणि आजूबाजूच्यांच्या टॉर्च उघडून बघता बघता एक गोष्ट पक्की कळली. लोक जिला ‘गेली’ म्हणतात त्या टॉर्चमधला एलईडी बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दोष असतो सेलमध्ये, नाहीतर सेलपासून एलईडीपर्यंतच्या एखाद्या सांध्यात. माणूस नवी टॉर्च आणतो, तिच्यात जुनाच सेल टाकतो, आणि नवीही तशीच बंद पडली की कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. म्हणून खालच्या क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. सेल बदलला, स्प्रिंग ओढली आणि आटेही पुसले, असं सगळं एकदम केलंत तर टॉर्च लागेल, पण दोष कशात होता ते कळणार नाही. तो पुन्हा येईल तेव्हा तुम्ही बांधावर असाल.

आधी एवढं जमवा

- डिजिटल मल्टीमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा स्वस्तातला चालतो.
- खात्रीचा, पूर्ण चार्ज झालेला दुसरा सेल. शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणलात तरी चालेल.
- घराच्या वायरिंगची वीतभर तांब्याची वायर, दोन्ही टोकं सोललेली.
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, पांढरं व्हिनेगर किंवा लिंबू, आणि मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल).
- निमुळत्या तोंडाची पक्कड, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपरचा तुकडा.
- टॉर्च नवी असेल तर तिचं बिल आणि वॉरंटी कार्ड. हे आधी शोधा, कारण टॉर्चचं डोकं, म्हणजे एलईडी असलेला पुढचा भाग, उघडलंत की वॉरंटी बहुधा संपते.

१. टॉर्च कोणत्या जातीची ते ओळखा

अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची, मागचं झाकण फिरवून उघडणारी आणि आत एक जाडसर लिथियम सेल असणारी, ही आज सगळीकडे दिसणारी जात. तो सेल बहुधा १८६५० असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. दुसरी जात पेन्सिल सेलवर किंवा त्याहून बारीक तीन सेलच्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यावर चालणारी. तिसरी म्हणजे प्लास्टिकची, मागे दोन पिना बाहेर येऊन थेट बोर्डात लागणारी, आत अ‍ॅसिडची छोटी बॅटरी असलेली. हिचं दुखणं वेगळं असतं, ते आठव्या पायरीत आहे. बाकी सगळ्यांनी सरळ पुढे यावं.

२. बंद कशी पडते ते नीट बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि अर्धा दोष इथेच सापडतो. पूर्ण चार्ज केलेली टॉर्च संध्याकाळी घरात बसून लावा आणि तिच्याकडे लक्ष ठेवा.

धक्का बसला, चालताना हलली किंवा खाली ठेवताना आपटली की जाते? मग सांधा सैल आहे. सेलचं टोक, स्प्रिंग, मागचं झाकण यांपैकी काहीतरी क्षणभर सुटतंय. इथे आणखी एक खूण आहे. मागे खटका असलेली टॉर्च असा क्षणभर करंट तुटला तर पुन्हा लागते, फक्त कधी मोठ्या उजेडावरून छोट्यावर किंवा लुकलुकण्यावर जाते. बाजूला मऊ बटण असलेल्या टॉर्चमधली चिप मात्र करंट तुटला की नव्याने चालू होते आणि बंद अवस्थेतच थांबते. त्यामुळे तोच सैल सांधा एका टॉर्चमध्ये ‘मोड आपोआप बदलतो’ असा दिसतो आणि दुसरीत ‘आपोआप बंद होते’ असा.

न हलवता, मोठ्या उजेडावर दोन-चार मिनिटांत जाते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा लागते आणि पुन्हा जाते? संशय सेलवर घ्या. म्हातारा सेल कमी पाण्याच्या विहिरीसारखा असतो: मोटर लावली की तळ दिसतो, बंद करून थांबलं की पुन्हा थोडं पाणी साचतं. अशी टॉर्च छोट्या उजेडावर तासन् तास चालत असेल तर शंकाच नको.

दोन-तीन मिनिटांत उजेड निम्मा होतो पण टॉर्च बंद होत नाही, आणि डोकं हाताला चांगलंच गरम लागतं? हा दोष नाही. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो, म्हणून चांगल्या टॉर्च सगळ्यात मोठ्या उजेडावरून स्वतःच खाली उतरतात. खोक्यावर छापलेला लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा बहुधा त्या सुरुवातीच्या काही मिनिटांपुरताच असतो. हे माहीत नसल्याने धडधाकट टॉर्च परत केलेले लोक मी पाहिलेत.

बंद होण्याआधी दोन-तीनदा लुकलुकते? सेल संपत आल्याचा तो इशारा असतो. लिथियम सेल फार खाली जाऊ नये म्हणून टॉर्चमधलं सर्किट साधारण ३ व्होल्टच्या आसपास स्वतःला तोडून घेतं. इशारा न देता एकदम काळोख झाला तर सेलमधल्या संरक्षक सर्किटनेच हात वर केले असण्याची शक्यता असते.

३. सेल तपासा

सेल बाहेर काढा. मल्टीमीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी अधिकला आणि काळी उणेला लावा. १८६५० चार्जरवरून नुकताच काढला असेल तर ४.२ च्या जवळ दिसायला हवं. ३.७ दिसलं तर निम्म्याहून जास्त संपलाय. ३.५ म्हणजे घरी परतायची वेळ, आणि ३ च्या खाली म्हणजे रिकामा.

आता मुख्य सापळा. मीटरवर ४.१ दिसतंय म्हणजे सेल चांगला आहे, असं नव्हे. मीटर सेलकडून करंट जवळजवळ घेतच नाही. टॉर्च मोठ्या उजेडावर दोन-तीन अँपिअर ओढते, आणि म्हाताऱ्या सेलचा दाब (व्होल्टेज) त्या वेळी धाडकन पडतो. म्हणून खरी परीक्षा अदलाबदलीची. खात्रीचा सेल तुमच्या टॉर्चमध्ये आणि तुमचा सेल दुसऱ्याच्या चालू टॉर्चमध्ये टाकून बघा. दोष सेलबरोबर दुसऱ्या टॉर्चमध्ये गेला तर सेल दोषी. तुमच्याच टॉर्चमध्ये राहिला तर पुढच्या पायऱ्या आहेतच. दुसरा सेल मिळाला नाही तर चार्ज केलेला सेल रात्रभर नुसता ठेवा आणि सकाळी मोजा. एका रात्रीत ४ च्या खाली आला असेल तर त्याचा भरवसा धरू नका.

सेलवर छापलेल्या आकड्यांबद्दल थोडं कडक बोलतो. बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. या आकाराच्या नामांकित कंपन्यांच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. त्यामुळे ९९०० चा आकडा दिसला की तो सेल हातातही घेऊ नका. इतर सेलबद्दल शंका असेल तर किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, बनावट बराच हलका निघतो.

आणखी तीन गोष्टी बघून घ्या.

सेलची लांबी. संरक्षक सर्किट असलेला सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर भरतो. काही टॉर्चमध्ये तो दाबून बसतो आणि स्प्रिंग कायमची चेपतो. मग साधा सेल टाकला की सैल पडतो. दुसरं, अधिकचं टोक. काही सेलचं टोक सपाट असतं, काहींना वर बटण असतं. टॉर्चमध्ये उलटा सेल बसू नये म्हणून अधिकच्या बाजूला प्लास्टिकची कडा दिलेली असेल तर सपाट टोक आतल्या पत्र्याला जेमतेम टेकतं, आणि धक्क्याला सुटतं. तिसरं म्हणजे सेलचं प्लास्टिकचं वेष्टण. लिथियम सेलचा अख्खा डबा उणे असतो आणि वरचं अधिकचं टोक त्यापासून एका बारीक चकतीने वेगळं ठेवलेलं असतं. वेष्टण त्या टोकाशी फाटलं असेल तर तिथे शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. असा सेल त्याच दिवशी बाजूला काढा.

पेन्सिल सेलवाल्यांसाठी: नवा अल्कलाइन १.५ च्या वर दाखवतो, चार्ज होणारा सेल काम करताना १.२ च्या आसपास राहतो. तीनपैकी एकच सेल थकलेला असला तरी टॉर्च बंद पडते, म्हणून प्रत्येक सेल वेगळा मोजा. जुने-नवे सेल मिसळू नका, आणि बदलायचे तर तिन्ही एकदम बदला. सेल चांगले निघाले तर तो प्लास्टिकचा पिंजरा बघा. त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या सैल होतात. पक्कडीने जराशा बाहेर वाकवल्या की काम होतं.

४. चार्ज खरोखर होतोय का?

टाइप-सी पोर्ट असलेल्या कित्येक स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. आत लागणारे छोटे रेझिस्टर कंपनीने वाचवलेले असतात, त्यामुळे नवा चार्जर त्यांना ओळखत नाही. रात्रभर लावून ठेवा, सेल होता तिथेच. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल आणि साधा मोबाइल चार्जर वापरा. चार्जिंगला लावण्याआधी आणि काढल्यावर मीटरने मोजलंत की वाद मिटतो.

५. टोकं, स्प्रिंग आणि आटे साफ करा

सेल निर्दोष ठरला की इथे या. अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये वीज परत येते ती नळीच्या धातूतून आणि झाकणाच्या आट्यांतून. आट्यांवर जुनं काळं ग्रीस, माती, घामाचा खार बसला की ती वाट अडते. कापडाने आटे पुसा, टूथब्रश फिरवा, मग नळीची मागची उघडी कडा, जिथे रंग नाही आणि धातू चकाकतो ती, आयपीएत भिजवलेल्या काडीने घासा. काडी काळी होत राहील तोवर काड्या बदलत राहा. फार मळ धरला असेल तरच पॉलिश पेपर एकदा हलका फिरवा. नळीवरच्या रंगीत थराला तो लावू नका.

स्प्रिंगवर पांढरी-निळसर भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल फुटून गळलाय. ती भुकटी क्षाराची असते, त्यामुळे थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावला की फसफसून सुटते. नंतर ओल्या काडीने पुसा, शेवटी आयपीए फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. भुकटी नुसत्या बोटाने खरवडू नका, डोळ्याला हात लावाल तर जळजळ होईल. स्प्रिंग गंजून बारीक झाली असेल तर साफ करून उपयोग नाही, बदलावीच लागते. नुसती चेपलेली असेल तर पक्कडीने दोन-तीन मिलिमीटर वर ओढा. त्याहून जास्त ओढलीत तर झाकण बसताना ती तिरकी होते.

रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, अगदी पुसट. झाकण शेवटपर्यंत घट्ट फिरवा. काही टॉर्च खिशात आपोआप लागू नयेत म्हणून झाकण पाव फेरा सैल केलं की बंद होतील अशाच बनवलेल्या असतात. त्यांचं झाकण प्रवासात किंचित फिरलं तरी टॉर्च ‘खराब’ होते.

६. झाकण काढून वायर लावून बघा

दोष पुढे आहे की मागे, हे एका मिनिटात सांगणारी ही चाचणी आहे. मागे खटका असलेल्या, साध्या नळीच्या टॉर्चसाठी. नळीच्या आत आणखी एक पातळ नळी असेल तर ही लागू पडत नाही.

मागचं झाकण काढून बाजूला ठेवा, सेल नळीतच राहू द्या. वर दिसणारं टोक उणे आहे ना, ते आधी बघा. वायरचं एक टोक अंगठ्याने त्या उणेवर दाबा. दुसरं टोक नळीच्या उघड्या चकचकीत कडेवर टेकवा. रंगावर टेकवलंत तर काहीच होणार नाही. टॉर्च लागेल. तशीच धरून दोन-तीन मिनिटं ठेवा, मनगट हलवा, नळीवर बोटाने टिचक्या मारा.

उजेड जराही हलला नाही तर डोकं, एलईडी, सेल सगळं ठीक आहे आणि दोष झाकणात आहे. तशीच लुकलुकली किंवा गेली तर झाकण निर्दोष, दोष डोक्यात. एवढं काळजीने करा की वायर सेलच्या अधिक आणि उणे टोकांना एकाच वेळी कधीही लागणार नाही. लिथियम सेल शॉर्ट झाला तर वायर क्षणात तापते आणि हात भाजतो.

७. झाकण किंवा डोकं, जे ठरलं ते

झाकणात आतून बघितलंत तर धातूची एक आटे असलेली रिंग दिसेल, तिला समोरासमोर दोन छोटी भोकं किंवा खाचा असतील. ही रिंग स्विचला जागेवर दाबून धरते, आणि रोजच्या खटक्याने सैल होते. माझ्या मते सगळ्यात जास्त टॉर्च याच रिंगमुळे कचऱ्यात जातात. पक्कडीची दोन टोकं खाचांत अडकवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट करा. काही रिंगचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी कोणत्या बाजूला आवळते ते बघा.

रिंग घट्ट करूनही झाकणातला दोष राहिला तर स्विचच्या आतल्या पट्ट्या जळल्यात. मीटर बझरवर ठेवा, एक काडी स्प्रिंगला, दुसरी झाकणाच्या त्या रिंगला. खटका दाबला की आवाज यायला हवा आणि दाबलेला राहिला तोवर थांबायला नको. तुटक आवाज आला तर स्विच बदला. मोबाइल दुरुस्तीवाला तसाच स्विच डाग देऊन (सोल्डर करून) बसवून देतो, फक्त जुना स्विच नमुन्याला घेऊन जा.

डोक्यात दोष असेल तर बहुधा वायरचा डाग सुटलेला असतो. थंड असताना जोड टेकलेला, तापला की उघडणारा. म्हणून टॉर्च दर वेळी दहा-पंधरा मिनिटांनी जाते आणि गार झाली की शहाण्यासारखी लागते. डोकं सहज उघडत असेल आणि डाग द्यायची सवय असेल तर हात घाला. गोंद लावून बंद केलेलं डोकं मी उघडत बसत नाही.

८. पिनांच्या प्लास्टिक टॉर्चचं काय?

चार्ज केल्यावर झगझगीत लागते आणि पाच-दहा मिनिटांत विझते, ही हिची ठरलेली तक्रार. आत ४ व्होल्टची अ‍ॅसिडची बॅटरी असते, आणि ती रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की मरते. पावसाळ्यात कोपऱ्यात टाकून दिवाळीनंतर काढलेली टॉर्च अशीच वागणार. बॅटरी बदलणं एवढाच उपाय. त्याच व्होल्टची आणि त्याच मापाची बघून घ्या. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करत चला.

या टॉर्चमध्ये एक धोका आहे आणि तो दुकानदार सांगत नाही. कित्येकींच्या आतलं चार्जिंग सर्किट बोर्डाच्या २३० व्होल्टपासून वेगळं केलेलं नसतं. बोर्डात असताना ती उघडू नका, ओल्या हाताने धरू नका, चार्ज होताना लावून बघू नका. बोर्डातून काढल्या काढल्या पिनांना हात लावला तरी झटका बसू शकतो.

९. पाणी शिरलं असेल तर

काचेच्या आतून धुकं दिसतंय म्हणजे ओल आत आहे. सेल लगेच काढा, झाकण उघडं ठेवून टॉर्च पंख्याखाली दोन दिवस ठेवा. सेल उन्हात ठेवू नका. तांदळाच्या डब्यात टॉर्च खुपसून ठेवण्याने आट्यांत पीठ जाण्यापलीकडे काही होत नाही.

१०. दुरुस्ती कुठे सोडायची

सेल फुगला, डबा चेपला, गोडसर उग्र वास आला, किंवा चार्ज होताना हाताला चटका बसेल इतका तापला तर तपासणी तिथेच संपवा. २ व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडलेला सेलही जबरदस्तीने उठवू नका. असे सेल वर वर चार्ज होतात, पण आत तांबं विरघळून शॉर्टची वाट तयार झालेली असू शकते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल स्वस्तात मिळतात, त्यांच्यातही असे बरेच असतात.

खराब सेल उकिरड्यात किंवा चुलीत टाकायचे नाहीत. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या डब्यात ठेवा आणि तालुक्याला गेलात की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे, त्यामुळे नवा सेल घेताना दुकानदाराला जुना घेतोस का असं बेलाशक विचारा.

आणि हे सगळं चालू असेपर्यंत रात्री रानात जाताना कंबरेला दुसरी छोटी टॉर्च ठेवा. मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त ठेवू नका, मोटर बंद पडली तर फोन करायला तोच लागतो.